चीविता दि बान्योरेजो : तिकीट लावलेलं गाव

२०१३ च्या जूनमध्ये मध्य इटलीतल्या एका नगरपालिकेने आपल्याच एका वाडीत शिरायला तिकीट लावलं. दर दीड युरो. तोवर इटलीत संग्रहालयांना तिकीट होतं, उत्खननाच्या जागांना होतं, चर्चच्या मनोऱ्यावर चढायला होतं. पण घरं, चौक, मांजरी आणि कुंड्यांनी भरलेले जिने असलेल्या नांदत्या वस्तीला तिकीट लावणारं हे पहिलंच ठिकाण. नांदती म्हणायची ती कागदोपत्री. बारमाही राहणारी माणसं तेव्हा दहा-पंधराच्या आसपास होती.

वाडीचं नाव चीविता. ती बान्योरेजो नगरपालिकेत येते, म्हणून पूर्ण नाव चीविता दि बान्योरेजो. रोमपासून उत्तरेला साधारण १२० किलोमीटर, लात्सिओ प्रदेश, व्हितेर्बो जिल्हा. बान्योरेजोची वस्ती साडेतीन हजारांच्या घरात. दोन्हींच्या मध्ये खोल दरी आणि दरीवर माणसांनी चालत जायचा पूल. पुलाच्या बान्योरेजोकडच्या टोकाला तिकीटखिडकी.

तिकीट लावल्यावर लोक यायचे थांबतील, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं. झालं उलटंच. नगरपालिकेच्या हिशेबाने २०१० मध्ये वर्षाला सुमारे ४०,००० पाहुणे येत; २०१७ पर्यंत हा आकडा आठ लाखांच्या पुढे गेला. तेव्हापासून हे प्रकरण ‘मरणारं गाव कसं वाचलं’ अशा मथळ्याखाली जगभर सांगितलं जातं. गाव वाचलं यात शंका नाही. पण कोणतं गाव, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही, आणि या प्रकरणातलं सगळं शिकण्यासारखं त्या प्रश्नातच आहे.

आधी जमीन

चीविता समजून घ्यायची तर सुरुवात इतिहासापासून करून चालत नाही, खडकापासून करावी लागते. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाला चीविताचा फोटो ओळखीचा वाटेल: सपाट माथा, चहूबाजूंनी तुटलेले कडे, वर जायला एकच वाट. साम्य तिथेच संपतं. आपल्याकडे कातळाखाली कातळच असतो. बेसाल्टचा एक थर, त्याखाली दुसरा. चीविताच्या कातळाखाली चिखल आहे.

लाखो वर्षांपूर्वी हा भाग समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाशी साचलेली राखाडी चिकणमाती हा खालचा थर. पुढे समुद्र हटला आणि पश्चिमेला, जिथे आज बोल्सेनाचं मोठं सरोवर आहे त्या भागातले ज्वालामुखी जागे झाले. त्यांची राख, खडे आणि तप्त लोट मातीवर येऊन बसले आणि घट्ट झाले. सगळ्यात वरचा जाड थर सुमारे ३,३०,००० वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड उद्रेकाचा आहे. या दगडाला तिथे तुफो म्हणतात. रंगाने पिवळट-तांबूस, वजनाने हलका, छिन्नीला मऊ. घर बांधायला, तळघर खोदायला याच्याइतका सोयीचा दगड नाही. जवळचं ओर्व्हिएतो शहरही अशाच पठारावर उभं आहे.

आता या रचनेत पाणी घाला. टेकडीच्या दोन्ही अंगांनी दोन ओढे वाहतात, रिओ क्यारो आणि रिओ तोर्बिदो. नावाप्रमाणे एक नितळ, दुसरा गढूळ. ते पायथ्याची माती नेत राहतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते, दर वर्षी थोडी खाली सरकते. वरचा तुफो कडक पण ठिसूळ. खालचा आधार गेला की कड्याला समांतर उभ्या भेगा पडतात, त्या रुंदावत जातात आणि एक दिवस दगडाची अख्खी फळी सुटून दरीत जाते. त्या फळीवर जे असेल ते तिच्याबरोबर जातं. आजूबाजूची सगळी दरी अशाच झिजेने घडली आहे: मातीच्या धारदार, उघड्याबोडक्या, सुरीच्या पात्यांसारख्या रांगा. त्यांना कालांकी म्हणतात.

एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदणाऱ्या लोकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इथे वस्ती केली तेव्हा त्यांना हे कळत नव्हतं असं मानायचं कारण नाही. ओढ्यांना वळण देणं, पाणी वाहून जायला चर काढणं, दगडातून बोगदे खोदणं यात ते लोक वाकबगार होते. गावाखालून आरपार जाणारा आणि दरीत उतरणारा त्यांचा एक बोगदा अजून आहे. गावात शिरण्याची दगडातून कोरलेली वाटही त्यांचीच, नंतरच्या लोकांनी तिच्यावर कमान चढवली. पण कड्याकाठी राहण्याची किंमत होती तसा फायदाही होता. चोहीकडे कडा असलेल्या गावाला तटबंदी बांधावी लागत नाही.

मोठं गाव आणि त्याचा उपनगराने घेतलेला ताबा

आज बान्योरेजो मुख्य आणि चीविता त्याची वाडी. अनेक शतकं नातं उलट होतं. चीविता हेच शहर. बिशपचं पीठ तिथे, चौकातलं सान दोनातो हे चर्च म्हणजे कॅथेड्रल, श्रीमंतांचे वाडे त्याच चौकाभोवती. आजचं बान्योरेजो त्या काळी रोता नावाचं उपनगर होतं. फ्रान्सिस्कन संप्रदायाचे प्रमुख आणि मध्ययुगातले मोठे धर्मतत्त्वज्ञ संत बोनाव्हेन्तुरा तेराव्या शतकात इथेच जन्मले. त्यांचं घर आज दाखवता येत नाही. ते ज्या काठावर होतं तो काठच दरीत गेला.

गावाच्या वेशीवर दोन दगडी सिंह आहेत, पंजांत माणसांची मुंडकी धरलेले. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की घराण्याचा जाच गावकऱ्यांनी पंधराव्या शतकात झुगारला, त्याची ही आठवण असं सांगतात. म्हणजे शत्रूशी दोन हात करायची या गावाला सवय होती. जमिनीशी मात्र करता आले नाहीत.

११ जून १६९५ रोजी मोठा भूकंप झाला. इटलीच्या भूकंपशास्त्रात तो बान्योरेजोच्याच नावाने ओळखला जातो. चीवितातली घरं पडली, आणि चीविताला रोताशी जोडणारी डोंगराची सोंड खचली. मुख्य रस्ता त्या सोंडेवरूनच जात होता. यानंतर बिशप पलीकडे गेले, नगराचं प्रशासनही गेलं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पलीकडे घरं बांधली. कॅथेड्रल हलवलं म्हणजे फक्त धर्मगुरू हलले असं होत नाही. त्यांच्यामागे लेखनिक, शाळा, बाजार, लग्नांची नोंद, जमिनीचे वाद मिटवणारा माणूस, सगळंच जातं. माझ्या मते शहर म्हणून चीविताचा शेवट याच काळात झाला. त्यानंतर उरलं ते शेतकऱ्यांचं खेडं.

वेशीतून आत आल्यावर एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसते. दार आहे, वर खिडक्या आहेत, खिडक्यांतून आकाश दिसतं. मागचं घर कधीच कोसळलं. फोटो काढणाऱ्यांची ही आवडती जागा, आणि खरं सांगायचं तर तीनशे वर्षांत काय झालं ते या एका भिंतीइतकं थोडक्यात दुसरं काही सांगत नाही.

खेड्याचे दिवस

अठराव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चीविता कसं जगलं याबद्दल पर्यटनाच्या पत्रकांत दोन ओळीही नसतात. कारण त्यात नाट्य नाही. पण गावाचा स्वभाव याच काळात घडला.

शेतं खाली दरीत, घरं वर. म्हणजे रोज उतरायचं आणि रोज चढायचं. ओझं वाहायला गाढव. ऑलिव्ह, द्राक्षं, गहू, शेंगा, चेस्टनट, जे पिकेल ते गाढवाच्या पाठीवरून वर यायचं. प्रत्येक घराखाली तुफोत खोदलेलं तळघर. त्यात वाइनची पिंपं, कारण तिथला गारवा वर्षभर सारखा राहतो. काही तळघरांत ऑलिव्हचे घाणे होते. मोठा दगडी जातं-चाक गाढवाने फिरवायचं, लगदा चटयांच्या चकत्यांत भरून दाबायचा, तेल काढायचं. ताज्या तेलाची पहिली चव घ्यायची ती चुलीवर भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर, वर लसूण घासून. ब्रुस्केत्ता हा पदार्थ आज जगभरच्या उपाहारगृहांत टोमॅटोचा डोंगर घालून मिळतो. मूळ गोष्ट एवढीच, तेलाची परीक्षा. रोजच्या जेवणात आक्वाकोत्ता, म्हणजे रानभाज्या, कांदा, असेल तर अंडं, आणि खाली शिळा पाव घालून केलेला कढ. पाव टाकून द्यायचा नाही, हा त्यातला सगळा पाकशास्त्राचा भाग. सणाला लोम्ब्रिकेल्ली: नुसत्या पीठ-पाण्याचा हाताने वळलेला जाड पास्ता, त्यात अंडंसुद्धा नाही.

पिण्याचं पाणी म्हणजे पावसाचं, टाक्यांत साठवलेलं. तुफोत कोरलेल्या काही खोल्यांच्या भिंतींवर कबुतरांसाठी ओळीने खोबणी आहेत. एक एत्रुस्कन थडगं मध्ययुगात तुरुंग म्हणून वापरलं गेलं आणि पुढे त्याचं प्रार्थनाघर झालं. एकदा खोदलेली जागा इथे कधी वाया जात नाही. बाहेरची झीज कमी की काय म्हणून, याच खोदकामाने टेकडी आतून पोकळ होत गेली.

चौक अजूनही फरसबंद नाही, मातीचा आहे. वर्षातून दोनदा, जूनच्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिथे गाढवांची शर्यत होते. तिला तोन्ना म्हणतात. सिएनाच्या घोड्यांच्या शर्यतीसारखी ही दिमाखाची गोष्ट नाही. गाढव मध्येच थांबतं, उलटं वळतं, स्वाराला पाडतं, आणि लोकांना हवं असतं तेच.

दुसरा सण गुड फ्रायडेचा. सान दोनातोमध्ये पंधराव्या शतकातला लाकडी क्रूस आहे, फ्लॉरेन्सचा शिल्पकार दोनातेल्लो याच्या परंपरेतल्या कारागिरांचा मानला जातो. त्या दिवशी ख्रिस्ताची ही मूर्ती क्रूसावरून उतरवून मिरवणुकीने पूल ओलांडून बान्योरेजोला नेतात आणि रात्री परत आणतात. समजूत अशी की मध्यरात्रीच्या आत मूर्ती परत आली नाही तर ती कायमची बान्योरेजोची होईल. बिशप गेले, नगरपालिका गेली, बाजार गेला. त्यानंतर चीविताच्या लोकांनी या एका बाबतीत घड्याळ लावून हिशेब ठेवला, यात मला भक्तीइतकाच जुना राग दिसतो.

पूल, स्थलांतर आणि बाहेरून आलेले घरमालक

महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जुन्या दगडी पुलाची मोडतोड केली. आजचा काँक्रीटचा पूल १९६५ चा. लांबी सुमारे ३०० मीटर, रुंदी माणसांपुरती, शेवटचा भाग चांगलाच चढणीचा. पूल झाला तोवर मात्र पलीकडे जायला फार लोक उरले नव्हते. युद्धानंतरच्या दोन दशकांत सगळ्या इटलीत डोंगरी गावांतून माणसं शहरांकडे आणि कारखान्यांकडे गेली. चीवितातून आधी पलीकडच्या बान्योरेजोला, मग रोमला. दरीतली शेती सुटली, तसं वर राहण्याचं कारणच राहिलं नाही.

‘मरणारं शहर’ ही उपाधी याच काळातली. ती दिली बान्योरेजोचेच लेखक बोनाव्हेन्तुरा तेक्की यांनी. त्यांनी ती दुःखाने दिली. पुढे ती पाट्यांवर, पत्रकांवर, फ्रिजवर लावायच्या चुंबकांवर छापली जाईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. ते १९६८ मध्ये गेले.

याच सुमारास एक वेगळा माणूस चीवितात आला. आस्त्रा झारिना या लात्व्हियात जन्मलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या वास्तुविशारद. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्या शिकवत. १९६० च्या दशकात त्यांनी इथलं एक पडकं घर घेतलं आणि पतीबरोबर ते सावकाश उभं केलं. जुना दगड, जुने तुळया-वासे, स्थानिक गवंडी. १९७६ पासून त्या विद्यार्थ्यांना इथे आणू लागल्या. विद्यार्थ्यांनी भिंतींची मापं घ्यायची, शेजाऱ्यांकडे स्वयंपाक शिकायचा, चौक दिवसाच्या कोणत्या वेळी कोण वापरतं ते टिपायचं. हे काम पुढे एका संस्थेच्या रूपाने चालू राहिलं. झारिना २००८ मध्ये वारल्या.

झारिनांच्या मागोमाग इतरही आले: रोमचे, मिलानचे, परदेशचे, शनिवार-रविवारपुरते. यांच्यावर टीका करणं सोपं आहे. बंद खिडक्यांची घरं, उन्हाळ्यापुरता दिवा. पण छप्पर गळायला लागलेलं तुफोचं घर चार-पाच पावसाळ्यांत ढासळतं, आणि शेजारच्याची भिंत घेऊन ढासळतं. ही माणसं आली नसती तर २०१३ मध्ये तिकीट लावायला काही उरलं नसतं. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर स्थळांच्या यादीत चीविताचं नाव घातलं, तेही जपण्यासारखं काही शिल्लक होतं म्हणून.

दीड युरो

आता मूळ प्रकरण. तेव्हाचे नगराध्यक्ष फ्रान्चेस्को बिजोत्ती यांच्यासमोरची अडचण कोणत्याही छोट्या नगरपालिकेची असते तीच. इटलीत सुमारे ७,९०० नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या साधारण ७० टक्के ५,००० पेक्षा कमी वस्तीच्या. उत्पन्न तुटपुंजं, म्हाताऱ्यांची संख्या वाढती, शाळेत पोरं कमी. बान्योरेजोकडे वर एक जादा ओझं: दर पावसाळ्यात झडणारी टेकडी, एक पूल, आणि बसने येऊन तासभर हिंडून, फोटो काढून, एक पैसाही न सोडता परत जाणारे पाहुणे. कचरा मात्र सोडून जाणारे.

तिकिटाची मांडणी साधी होती. जमीन ढासळते आहे, ती धरून ठेवायला पैसा लागतो, तुम्ही बघायला आला आहात, तर थोडा वाटा उचला. स्थानिकांना माफी. पुढे दर वाढला; आधी तीन युरो, मग पाच.

पाहुणे कमी व्हायच्या ऐवजी वीसपट कसे झाले? माझं उत्तर असं. तिकिटाआधी चीविता हे इटलीतल्या शेकडो सुंदर डोंगरी गावांपैकी एक होतं. तिकिटामुळे ती बातमी झाली. ‘दहा माणसांचं गाव, आत जायला तिकीट, पूल हाच एक रस्ता, आणि काही वर्षांत सगळं दरीत जाणार’ हे एका वाक्यात सांगता येतं, आणि ते वाक्य रोमपासून टोकियोपर्यंत कुठल्याही वर्तमानपत्राला चालतं. तेक्कींची उपाधी आयतीच होती. त्यात फोनवर फोटो टाकण्याचे दिवस आलेले, आणि पहाटे धुक्यावर तरंगणाऱ्या चीविताचा फोटो बिघडवणं अवघड आहे. समोरच्या लुब्रिआनो गावातून तो फुकट मिळतो, ही गोष्ट वेगळी. तिकिटाने आणखी एक केलं: बघायच्या जागेला किंमत लागली की ती ‘बघायलाच हवी’ अशी वाटायला लागते.

पैसा आला. नगराध्यक्षांनी जाहीर केलं की बान्योरेजोच्या रहिवाशांवरचे नगरपालिकेचे कर रद्द करता आले. पार्किंग, दुकानं, खाणावळी, खोल्या भाड्याने देणं यांतून पलीकडच्या गावात कामं निर्माण झाली. बाकी इटलीतली लहान गावं तरुण टिकवायला धडपडत असताना बान्योरेजोत परत येणारे तरुण होते. हे यश छोटं नाही. २०१९ मध्ये सिसिलीतल्या सांबुका गावाने पडकी घरं एक युरोपासूनच्या बोलीने विकायला काढली, ती बातमीही अशीच जगभर फिरली. तिथे गावाने मालमत्ता दिली आणि माणसं मिळतील अशी आशा केली. बान्योरेजोने काहीच विकलं नाही. आठवणीचं भाडं घेतलं, आणि दर वर्षी घेत राहिलं.

कोण वाचलं

पैसा बान्योरेजोच्या तिजोरीत जातो, कारण चीविता ही त्याची वाडी आहे. करमाफी बान्योरेजोच्या साडेतीन हजारांना मिळाली. शाळा, औषधाचं दुकान, दवाखाना, बस, हे सगळं पलीकडे. चीवितात बारमाही राहणाऱ्यांचा आकडा तिकिटाआधीही दहा-पंधरा होता, नंतरही तेवढाच. म्हणजे तिकिटाने वाचलं ते उपनगर. १६९५ नंतर ज्याने शहराचं पद घेतलं, त्यालाच २०१३ नंतर शहराचा वारसाहक्कही मिळाला.

यात कोणी लबाडी केली असं मला वाटत नाही. पण यश मोजताना फूटपट्टी कुठली हे स्पष्ट सांगायला हवं. नगरपालिकेचा ताळेबंद ही फूटपट्टी असेल तर प्रयोग अव्वल. वस्ती परत येणं ही असेल तर प्रयोग तिकडे वळलाच नाही. आणि वळला असता तरी अवघड होतं. वर्षाला आठ लाख म्हणजे रोजची सरासरी दोन हजारांच्या वर, उन्हाळ्यातल्या रविवारी त्याहून कितीतरी अधिक, आणि तेही सकाळी दहा ते संध्याकाळी सहामध्ये. एक वेस, एक मुख्य गल्ली, एक चौक. अशा ठिकाणी घर घेऊन लहान मुलं वाढवायची कुणाची तयारी असेल? मोकळी झालेली खोली भाडेकरूला देण्यापेक्षा पाहुण्याला देणं केव्हाही फायद्याचं.

आजचा दिवस पाहुण्यांच्या वेळापत्रकावर चालतो. पहाटे पुलावरून सामान येतं. मोटारींना पूल बंद. परवानगी असलेली छोटी वाहनंच तो चढतात. त्यांत तीनचाकी आपेही दिसते. हीच पियाज्जोची आपे आपल्याकडे बारामतीच्या कारखान्यात बनते आणि शेअर रिक्षा म्हणून गावोगाव माणसं वाहते. चीवितात ती पाव, वाइनची खोकी, हॉटेलच्या चादरी वर नेते आणि कचरा खाली आणते. दहानंतर गर्दी. तळघरातले घाणे आता दाखवायचे. त्याच तळघरांत बाक टाकून ब्रुस्केत्ता विकला जातो. पूर्वी तेलाची परीक्षा म्हणून खाल्लेला तुकडा आता घराचं मुख्य उत्पन्न. काही अंगणांच्या दारावर बागेतून दरी बघायला येण्याचं आमंत्रण आणि शेजारी नाण्यांची वाटी. संध्याकाळी सातनंतर पूल रिकामा होतो आणि गाव मुक्कामी पाहुणे, दोन-चार घरं आणि मांजरींचं होतं. हिवाळ्यातल्या मंगळवारी मांजरी बहुमतात.

टेकडीचं काय

तिकिटामागचं मूळ कारण जमीन होतं, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा. गावातल्या पालात्सो आलेमान्नी या वाड्यात भूगर्भ आणि दरडींचं संग्रहालय आहे, आणि ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक ठिकाण वाटतं. टेकडी कशी झडते आणि तिला धरून ठेवायला काय केलं, ते तिथे मांडलं आहे. कड्यांमध्ये पोलादी दांडे घालून भेगा पडलेल्या फळ्या आतल्या खडकाला जखडणं. उतारावर खोल विहिरींसारखे खांब उतरवून त्यांतून मातीला पकड देणं. पाण्याला दुसरीकडे वाट काढून देणं. ओढ्यांच्या पात्रात बांध घालून त्यांचा वेग मोडणं. यातलं शेवटचं काम दिसायला सगळ्यात फालतू, पण मुळावर घाव तोच, कारण झीज पायथ्याशी सुरू होते.

अशी कामं तिकिटाच्या पैशावर होत नाहीत. प्रदेशाचा आणि केंद्राचा निधी लागतो, आणि तो मिळवायला गावाचं नाव मोठं असावं लागतं. तिकिटाचा टेकडीला झालेला खरा उपयोग हा असा वळसा घालून आला. जानेवारी २०२१ मध्ये इटलीने चीविताच्या सांस्कृतिक भूदृश्याला युनेस्कोच्या जागतिक वारशासाठी आपला उमेदवार म्हणून निवडलं. दहा-पंधरा माणसांच्या वाडीसाठी एवढी धावपळ सरकार एरवी करत नाही.

पण इथे एक गाठ आहे, ती सुटत नाही. पाहुणे येतात ते गाव पडतंय म्हणून. टेकडी पक्की बांधली, झीज थांबली असं उद्या अभियंत्यांनी जाहीर केलं, तर ‘मरणारं शहर’ ही पाटी उतरवावी लागेल. ती उतरवायची तयारी कोणाची आहे? सध्या तरी दोन्ही गोष्टी एकत्र चालल्या आहेत: खाली सळया ठोकायच्या, वर पाटी रंगवायची.

दुसऱ्यांनी उचलायचं तर

२०२४ च्या एप्रिलमध्ये व्हेनिसने ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांना पाच युरोंचं प्रवेशशुल्क सुरू केलं. चीवितानंतर अकरा वर्षांनी. दोन्ही बातम्या एकाच दमात सांगितल्या जातात, पण व्यवहार वेगळा आहे. व्हेनिसला गर्दी नकोशी झाली होती आणि शुल्काने ती आवरावी अशी अपेक्षा होती. बान्योरेजोला गर्दी हवी होती. शुल्काने गर्दी कमी होते की वाढते हे दरावर कमी आणि गाव आधी किती प्रसिद्ध आहे यावर जास्त अवलंबून असतं, एवढं या दोन उदाहरणांवरून धरायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट अगदी व्यवहाराची. चीविताला एकच पूल आहे. एका खिडकीत एक माणूस बसवला की वसुली पूर्ण. व्हेनिसला रेल्वे स्थानक आहे, बस आहेत, बोटी आहेत; तिथे नोंदणी, फोनवरचे कोड, तपासनीस, माफी असलेल्यांच्या याद्या, असा सगळा पसारा मांडावा लागला. चीविताची नक्कल करू पाहणाऱ्या गावांनी आधी आपल्या वेशी मोजाव्यात. दोन वेशी असतील तर दुसऱ्या माणसाचा पगार धरावा लागेल, पाच असतील तर विचार सोडून दिलेला बरा. आणि वसुलीचा पैसा कुठल्या तिजोरीत जाणार, तो वेशीच्या आतल्यांसाठी किती आणि बाहेरच्यांसाठी किती, हे पहिलं तिकीट फाडण्याआधी लिहून ठेवावं. बान्योरेजोत हा वाद पेटला नाही, कारण वेशीच्या आत भांडायला माणसंच नव्हती.